कुंकू लागलेली बाटली

हनीफभाई,

त्या सकाळी तुमच्या नंबरवरून फोन आला आणि उचलल्या उचलल्या मी ओरडले, "कुठे आहात? साडेनऊ वाजले. बाटल्यांची नोंद मी केली तर परत बोंब माराल!" पलीकडे भाभी होत्या. फार हळू बोलत होत्या. तुम्ही पहाटेची नमाज पढून आलात, चहा मागितलात, खुर्चीत बसलात आणि चहा यायच्या आत गेलात, असं त्या म्हणाल्या. तुम्हाला उद्देशून मी बोललेलं शेवटचं वाक्य असं भाभींच्या कानात पडलं. एरवीही मी तुमच्याशी ओरडूनच बोलायचे, म्हणजे तुम्हाला त्यात नवल वाटलं नसतं. मला मात्र अजून ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

तुमचा चाळिसावा भाभींनी येत्या रविवारी ठेवलाय. मी येणार आहेच. पण तिथे माणसं असतील, भाभी असतील, आणि मला जे सांगायचंय ते चारचौघांत जमणार नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमची सवय होती, समोरचा बोलायला लागला की खिशातून चष्मा काढून पुसत बसायचं. आताही तसंच बसलात असं समजते.

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या आपल्या त्या कूलंटच्या कारखान्यात तुम्ही एकवीस वर्षं होतात, मी सहा. तुम्ही मिक्सिंगचे सुपरवायझर, मी लॅबची केमिस्ट. पाटणकर साहेबांनी ग्राफीनचं काम काढलं तेव्हा मी हवेतच होते. कार्बनचे ते नजरेला न दिसणारे पापुद्रे पाणी आणि ग्लायकॉलच्या मिश्रणात मिसळायचे, की ते पाणी उष्णता पटापट उचलून नेतं. आपल्या गल्लीपलीकडे बिनखिडक्यांची डेटा सेंटरं उभी राहत होती, आत मशिनं तापत होती, आणि त्यांना गार ठेवणारं पाणी आपण बनवायचं होतं. मी साहेबांसमोर तासभर बोलले. तुम्ही शेवटी एकच विचारलंत.

"बाय, तू शिकलेली हायस, मंग मला सांग. काळ्या पान्यात काळा गाळ बसला, तं तो दिसंल कसा?"

मला राग आला. कारण प्रश्न बरोबर होता. ग्राफीनचे पापुद्रे म्हणजे ओले पापड. एकावर एक आले की चिकटले, चिकटले की जड झाले, जड झाले की बसले तळाला. आणि सगळंच काळंकुट्ट असल्यामुळे वरून बाटली दिसायला जशीच्या तशी. मी म्हटलं, वरचा एक थेंब घेऊन मशीनवर बघू, वरचं पाणी फिकट झालं की समजायचं गाळ बसला. तुम्ही मान हलवलीत. तुमचे वडील उरणच्या मोरा बंदरात लाँचवर होते. ओहोटीला खाडीत गाळ किती हे बघायला पुढे बांबू घेऊन उभे राहायचे. "डोळ्याला सगळा पानी सारखाच. तळ बांबूला कळतो," तुम्ही म्हणालात, आणि लॅबमधली काचेची कांडी उचललीत. कांडी अलगद तळापर्यंत न्यायची. तळ स्वच्छ असेल तर काचेवर काच टक् वाजते. गाळ असेल तर वाजतच नाही, मऊ लागतं. मी हसले होते. वर्षभर हसले.

मग जे काही झालं ते तुम्हाला सांगायला नको, पण मला आठवायला बरं वाटतं. मी साबणासारखं रसायन घालून पापुद्रे वेगळे ठेवले, तर पंप चालू केल्याबरोबर टाकीतून काळा फेस उसळून बाहेर आला. वार शुक्रवार, तुमच्या अंगावर जुम्याचा पांढराशुभ्र कुर्ता. साहेबांचा चौकडीचा शर्ट घालून तुम्ही नमाजाला गेलात, आणि परत आल्यावर मला म्हणालात, आज सगळी मशीद मलाच बघत होती. मग मी अॅसिडने ग्राफीन असं धुतलं की ते पाण्यात छान मिसळलं, तळाला कण नाही. फक्त त्यातली उष्णता वाहून न्यायची ताकदच गेली. त्या दिवशी तुम्ही चिडवलं नाहीत. चहा आणलात आणि पहिल्यांदाच मदरशातल्या शाईबद्दल बोललात.

लहानपणी लाकडी तख्तीवर लिहायची शाई तुम्ही घरी करायचात. कंदिलाच्या काचेवरची काजळी आणि बाभळीचा डिंक. "आदी डिंक भिजवाचा, घट्ट. मंग त्याच्यात काजळी चिमूट चिमूट घालून घोटाची. पानी सगळ्यात शेवटी. उलटा केलास, आदी पान्यात काजळी टाकलीस, तं ती तरंगते नाय तं बसते. मंग किती बी ढवळ."

मी म्हटलं, हनीफभाई, ही काय शाई आहे का? तुम्ही म्हणालात, "काजळी कार्बन, तुजा ग्राफीन कार्बन. एका घरातलीच ना?"

दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मोठा चिनी मातीचा खल घेऊन बसला होतात आणि मी शेजारी स्टूल ओढलं. दीड तास घोटलं आपण. आवाजाच्या लहरींनी कण सुटे करणारं माझं ते कर्कश सोनिकेटर, ज्याला तुम्ही 'किंचाळी' म्हणायचात, पूर्वी मी तासन् तास चालवायचे आणि पापुद्र्यांचा चुरा करायचे. आता ते शेवटी पाचच मिनिटं लागलं. पहिल्या खेपेचा डिंक आठवड्यात कुजला, लॅबभर वास सुटला, आणि मी विजयी चेहऱ्याने नाकाला रुमाल लावून फिरले. मग मीच डिंक भिजवतानाच ग्लायकॉल घालायचं सुचवलं आणि वास थांबला. म्हणजे ते पाणी तुमचं एकट्याचं नव्हतं आणि माझं एकटीचंही नव्हतं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. श्रेय वाटून घेताना माझी जीभ नेहमीच आखडते.

साहेब तोवर कंटाळले होते. त्यांनी एकच अट घातली: बाटली नव्वद दिवस न हलता उभी राहिली आणि गाळ बसला नाही, तर पुढे जायचं. नाहीतर दिवाळीनंतर ग्राफीन बंद, आणि मी परत साध्या हिरव्या कूलंटच्या तपासणीला. सहा वर्षांनी परत तिथेच. मला त्या विचाराने रडू यायचं. तुम्ही तीन बाटल्या भरल्यात, खिडकीशेजारच्या फळीवर मांडल्यात, आणि सगळ्यांना दम भरलात, बाटलीला हात लावायचा नाही. धूळ बसली तरी पुसायची नाही. एक तिसाव्या दिवशी उघडायची, एक साठाव्या, एक नव्वदाव्या. कांडी एका बाटलीत एकदाच जाणार, कारण कांडी गेली की पाणी हललं.

तिसाव्या दिवशी कांडी टक् वाजली. तेवढ्यावर समाधान नाही म्हणून त्या जागी तुम्ही त्याच बॅचमधली चौथी बाटली ठेवलीत. साठाव्या दिवशीही तसंच. फळीवर कायम तीन. आणि एकाहत्तराव्या दिवशी खंडेनवमी आली.

तुम्ही भाचीच्या लग्नाला महाडला गेला होतात. पण पूजेची झेंडूची फुलं दरवर्षीसारखी आदल्या दिवशी आणून, ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेलात. मी आपली उत्साहात. मिक्सर धुतला, किंचाळीला हार घातला, खलाला गंध लावलं. मग फळीकडे लक्ष गेलं. आमच्या घरी धुळीने भरलेली वस्तू पूजेला ठेवत नाहीत. आणि त्या दिवशी देवापुढे ठेवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय होतं? मी तिन्ही बाटल्या उचलल्या. पुसल्या. चौरंगावर मांडल्या, कुंकू लावलं, झाकणावर एकेक फूल ठेवलं. आरती झाली. परत फळीवर ठेवताना तिसरी बाटली हातात डुचमळली आणि मला तुमचा दम आठवला.

खरं तर तेव्हाच तुम्हाला फोन करायचा. मी केला नाही. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर वहीत 'दिवस ७३' लिहिलं आणि गप्प बसले.

तुम्ही आलात, कुंकू पाहिलंत, आणि विचारलंत, "कोनी उचलल्या?"

"कोणी नाही. जागच्या जागी लावलंय."

तुम्ही वाकून फळी बघितलीत. धुळीतले तीन स्वच्छ गोल एका बाजूला आणि बाटल्या दुसऱ्या बाजूला. तुम्ही बोट दाखवलंत.

मग आपलं जे भांडण झालं त्यातलं तुमचं एक वाक्य माझ्या लक्षात आहे: "साहेबाला नाय कळनार, बाय. तळाला म्हाईत हाय ना." आणि माझंही एक लक्षात आहे. मी म्हटलं, सतरा दिवस उरलेत, आता पहिल्यापासून सुरू केलं तर सगळं बंद पडेल. तुम्ही म्हणालात, पडू दे, पण नोंद खोटी नको. आणि मी म्हटलं, "नोंदीचं निमित्त आहे. पूजा केली म्हणून खुपतंय तुम्हाला."

एकवीस वर्षं फुलं आणणाऱ्या माणसाला मी हे म्हटलं.

तुम्ही चष्मा काढलात, पण पुसला नाहीत. नुसता हातात धरलात. मग वही घेतलीत, माझ्या नोंदीवर आडवी रेघ मारलीत, खाली लिहिलंत 'दिवस १', आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलात. परत येऊन म्हणालात, संक्रांतीपर्यंत मुदत मिळाली. काय सांगितलंत ते मी विचारलं नाही. मी तणतणत फडकं घेतलं आणि कुंकू पुसायला निघाले, तर तुम्ही मागून म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पुसाला गेलीस तं परत एकपासून." त्या अवस्थेतही मला हसू आलं. तुम्हाला आलं की नाही ते मी वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी वहीला हात लावला नाही. हट्टच तो. माझे मशीनचे आकडे चिठ्ठीवर लिहून तुमच्या टेबलावर ठेवायचे. हळूहळू आपण बोलायला लागलो, थट्टाही सुरू झाली. थंडी पडल्यावर मी डिंकाचे लाडू आणले. त्या दिवशी माफी मागायची ठरवूनच आले होते, खांदेश्वर स्टेशनपासून मनात वाक्य घोळवत. डबा उघडला तर तुम्ही म्हणालात, "खलातला माल डब्यात कशाला भरलास?" आणि मी इतकी हसले की वाक्य राहूनच गेलं. म्हटलं, उद्या बोलू. तुम्ही दोन लाडू भाभींसाठी रुमालात बांधून नेलेत.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी उरणच्या गाडीने तुमच्या घरी आले. बायकांच्या खोलीत भाभींजवळ बसले. बाहेर पुरुषांची गर्दी, आत कोणीतरी हलक्या आवाजात कुराण पढत होतं. भाभींनीच माझा हात धरला आणि विचारलं, "आज बावन्न ना, बाय?"

मला आधी समजलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "रोज घरी आले का सांगाचे, आज इतका दिस झाला. ती भांडकुदळ पोर बाटलीजवळून गेली तरी श्वास धरून जाते, म्हनाचे." तुमच्या बोलण्यात मी कशी असायचे ते मला असं कळलं. भाभींना त्या भांडणाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तुम्ही घरी एवढंच नेलं होतंत, दिवसांचा आकडा आणि माझी थट्टा.

त्रेपन्नाव्या दिवशी वही मला उघडावीच लागली. तुमचं टेबल, तुमचं पेन, वहीच्या कडांना काळी बोटं. मी मागे मागे जात 'दिवस १' पर्यंत आले. मला त्या पानाची भीती वाटत होती. कारण तिथे 'कारण' म्हणून एक रकाना आहे आणि तुम्ही नोंद कधी खोटी करत नाही.

तुम्ही लिहिलं होतं: 'बाटल्या हलल्या. फळी सैल आहे. जबाबदार हनीफ.' आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात: 'पुढल्या खंडेनवमीला कुंकू फळीला लावणे. बाटली उचलणे नाही. फुलं मी आणीन.'

मी तिथेच बसून रडले, हनीफभाई. आयुष्यात एकच खोटी नोंद केलीत, ती माझ्यासाठी. मला वाटत होतं, तुम्ही मला माफ केलंत की नाही हे आता कधीच कळणार नाही. आणि तुम्ही तर माफी कामाच्या वहीत, पुढच्या वर्षाच्या कामांच्या यादीत लिहून मोकळे झाला होतात. मला राग पण आला. सांगायचं ना माणसाने! पन्नास दिवस मी किती जळत होते.

तेव्हापासून भाभी रोज सकाळी दहाला फोन करतात. "आज किती, बाय?" एवढंच विचारतात. मी आकडा सांगते. कधी जेवलीस का विचारतात, कधी तेही नाही.

साठाव्या दिवसाची बाटली मी एकटीने उघडली. कांडी दोन वेळा मागे घेतली, तुम्ही शिकवलंत तसा श्वास सोडून मग आत नेली. टक् वाजली. मशीनचा आकडाही चांगला आला, पण मी आधी कांडी घातली आणि मग मशीन लावलं. आपला वाद तिथेच मिटला असं नाही, पण तेवढं तुमच्या बाजूने धरा.

नव्वदावा दिवस परवा होता. साहेब लॅबमध्ये आले. फळीवर शेवटची बाटली, धूळ बसलेली, कुंकू सुकून तपकिरी झालेलं. कांडी हातात घ्यायच्या आधी मी वही उघडली आणि त्यांच्यासमोर तुमच्या नोंदीखाली लिहिलं: 'फळी सैल नव्हती. बाटल्या मी उचलल्या आणि खोटं बोलले.' खाली सही केली. साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा चढला.

"हे आत्ता का? बाटली चांगली निघाली असती तर कोणी विचारलंही नसतं."

"म्हणूनच आत्ता, साहेब. नंतर सांगायला सोपं गेलं असतं."

"आणि खराब निघाली तर?"

"तर माझ्यामुळे तीन महिने वाया गेले. हनीफभाईंच्या डिंकामुळे नाही."

मी कांडी घेतली. काळ्या पाण्यात कांडी शिरली की दिसेनाशी होते, तुम्हाला माहीतच आहे, फक्त बोटांना कळत राहतं. खाली, अजून खाली. मला मनातल्या मनात तो मऊपणा जाणवायला लागला होता. आणि मग टक्. स्वच्छ, काचेवर काच. मी कांडी कडेला नेली, मध्ये आणली, दुसऱ्या कडेला नेली. टक्, टक्.

साहेब म्हणाले, "परत एकदा करा."

मी म्हटलं, "नाही साहेब. बाटली एकदाच."

ते हसले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, यापुढे वहीतल्या प्रत्येक नोंदीवर त्यांची सही लागेल. आणि उठता उठता म्हणाले, पंपाच्या चाचणीसाठी दहा लिटर काढा, हनीफच्या पद्धतीने. 'हनीफच्या पद्धतीने' हे शब्द त्यांचे आहेत, मी घुसडलेले नाहीत.

ती बाटली रविवारी मी भाभींना आणून देणार आहे. पर्समधून, उरणच्या गाडीने, हिसके खात. आता ती हलली तरी चालतं. कुंकू मी पुसलेलं नाही.

जे त्या दिवशी बोलले ते खोटं होतं, हनीफभाई. बोलतानाच मला माहीत होतं. माफ करा. डब्यात राहून गेलेलं वाक्य एवढंच होतं. आणि पुढल्या खंडेनवमीची फुलं मी आणीन, पण ओल्या फडक्यात तुमच्यासारखी गुंडाळायला मला जमणार नाही.

काल सकाळी मी खल काढला. डिंक आदल्या संध्याकाळीच भिजवून ठेवला होता, घट्ट. दीड तास एकटीने घोटलं, मनगटं दुखली, तुम्हाला दोन शिव्या घातल्या. संध्याकाळी दहा लिटर तयार झालं. त्यातून तीन बाटल्या भरून आज सकाळी फळीवर मांडल्या. फळी पुसली, मग बाटल्या ठेवल्या, आणि सगळ्यांना दम भरला.

नव्वद दिवस झाल्याचं भाभींना परवाच सांगितलं होतं. त्या रडल्या, दुवा दिली. मला वाटलं, आता रोजचा फोन थांबणार. मी मनाची तयारीही केली होती. आज दहा वाजले, मी वही उघडून बसले होते, आणि फोन वाजला. तुमचंच नाव.

"आज किती, बाय?"

"एक, भाभी."